सुईच्या टोकावरची माती

कौरवांच्या दरबारात कृष्ण शिष्टाईला गेला, तेव्हा दुर्योधनानं त्याला सांगितलं, की सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीसुद्धा पांडवांना मिळणार नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथं उन्हाळी नांगरट सुरू झाली की कुणाचा तरी फाळ वीतभर बांधात शिरतो. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. ज्या बांधावरून एके काळी बैलगाडी जायची, तिथून मग तोल सावरत चालावं लागतं. आणि एका सकाळी दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहतात.

अशा सकाळी आबांना बोलावणं यायचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. ते सरपंच नव्हते, पाटील नव्हते. शिक्षण चार यत्ता. पण श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लावायची ती त्यांनीच, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बांधावर गेल्यावर ते दोघांनाही आधी खाली बसवायचे आणि विचारायचे, "किसनदेवानं गावं किती मागितली व्हती रं?"

लहानपणापासून पोथी ऐकलेला गडी तोंड फिरवून म्हणायचा, "पाच."

"आन् हक्क केवढ्याचा व्हता?"

"अर्ध्या राज्याचा."

"मग अर्ध्यावरनं पाचावर का आला त्यो?"

यावर कुणी बोलायचं नाही, आणि आबाही उत्तर सांगायचे नाहीत. ते दोरी मागवायचे, जुन्या खुणेचा दगड शोधायचे, बाभळीच्या बुंध्यापासून पावलं टाकायचे. खूप वर्षांनी मी त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर विचारलं. ते म्हणाले, धर्मराजाला पाच गावांत समाधान नव्हतं. पण समोरचा भरसभेत अडून बसलाय, त्याला मान न घालवता मागं फिरायला एक वाट पाहिजे होती. ती वाट कृष्णानं हातात नेऊन दिली. दुर्योधनानं घेतली नाही, हा त्याचा दोष. पण वाट न ठेवताच भांडायला उभा राहणारा माणूस आबांच्या मते दुर्योधनाच्याच बाजूचा, मग त्याचा सातबारा कितीही खरा असो.

आमच्या भागातली माती मुळात एवढी महाग नव्हती. सह्याद्रीचा पाऊस पुरंदरच्या डोंगरांपर्यंत ओसरतो आणि पुढं आमच्याकडं जे येतं त्यात बाजरी आणि शाळू निघाला तर निघाला. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात माणसं जगायला गेली ती कित्येक परत आलीच नाहीत. नीरेच्या डाव्या कालव्याचं काम त्याच दुष्काळात हाती घेतलं गेलं. उपाशी माणसांनी खणलेला तो कालवा १८८५ मध्ये वाहता झाला. आबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं, की पहिल्यांदा पाट आला तेव्हा लोक पाणी घ्यायला बिचकत. फुकट आलेल्या पाण्यामागं सरकारचा काहीतरी डाव असणार, ही शंका. मग कुणी धीर केला, ऊस लागला, गुऱ्हाळं पेटली. ज्यांनी हावरेपणानं पाणी पाजलं त्यांच्या जमिनी खारवटल्या, चोपण झाल्या. पुढं १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर उभं केलं आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची धुराडी दिसू लागली. ज्या बांधावर आधी कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या वीतभर मातीला किंमत आली. उद्योगपर्व आमच्याकडं पाटाच्या पाण्याबरोबर शिरलं, असं आबा म्हणत.

*

देवळात वाचायची ती पोथी श्रीधरस्वामींची. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचा हा कवी. त्यानं पंढरपुरात राहून १७०२ मध्ये हरिविजय, १७०३ मध्ये रामविजय आणि १७१२ मध्ये पांडवप्रताप पुरा केला. पांडवप्रतापाचे ६४ अध्याय. नाझरं आमच्यापासून फार लांब नाही, आणि त्याच्या ओवीतली माणसं आमच्याच वाटेवर राहणारी वाटतात. व्यासांचं महाभारत गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण श्रीधराचं प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात श्रीधराला मिळतो त्याहून मोठा मान त्याला द्यायला हवा, असं माझं मत आहे. ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा लाखो माणसांना त्यानं विचार करायला माणसं दिली: भीष्म, विदुर, कर्ण, गांधारी.

पोथीचा एक शिरस्ता होता. दिवेलागणीनंतर जेवणं उरकून माणसं यायची. लाल फडक्यातली पोथी पाटावर, शेजारी कंदील. एक जण ओवी चालीवर वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. अर्थ सांगणारे आबा. अर्थ सांगताना ते गावात शिरायचे. शकुनीचे फासे आले की तालुक्याच्या कोर्टात चाललेली तारीख यायची, धृतराष्ट्र आला की पोराच्या व्यसनाकडं डोळेझाक करणारा बाप यायचा. नाव कुणाचं घेत नसत. ज्याला कळायचं त्याला कळायचं, आणि तो खाली मान घालून ऐकायचा. भारत घरात वाचू नये, घरात भांडणं लागतात, असा समज आहे. आबांचं म्हणणं निराळं. भारत एकट्यानं वाचलं तर माणूस स्वतःला अर्जुन समजतो. चार माणसांत वाचलं की कुणीतरी त्याच्याकडं बघतं.

पण त्या चार माणसांत सगळं गाव नव्हतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं देवळाच्या पायऱ्यांखाली, उघड्यावर बसून ऐकायची. पाऊस आला तर घोंगडी डोक्यावर घ्यायची. आबा हे स्वतः सांगायचे, लपवायचे नाहीत. एका श्रावणात कर्णाचं आख्यान झाल्यावर खालून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "विदुर दासीचा, कर्ण सूताघरचा, एकलव्य रानातला. शहाणपण यांच्यापाशी आन् राज्य दुसऱ्यापाशी, हे तुमच्याच पोथीत लिवलंय. मग ती वाचून झाल्यावबी आम्ही खालीच का?" आबांनी त्या रात्री अध्याय अर्धा सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी पोथी देवळातून काढून पिंपळाच्या पारावर लावली, जिथं वर-खाली नव्हतं. काही घरांनी ऐकायला येणं बंद केलं. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि त्यानंतर ती वस्ती पोथीला आलीच नाही. "त्यांचं बरोबर हाय," एवढंच आबा म्हणायचे. महाकाव्यांच्या शहाणपणाबद्दल बोलायचं असेल तर या म्हाताऱ्याचा प्रश्न टाळून बोलता येत नाही. शहाणपण पोथीत होतं. ते ऐकणाऱ्यांनी पायरीपर्यंतही नेलं नव्हतं.

*

बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा भक्कम वाडा आहे. पेशव्यांच्या घराशी या नाईक घराण्याची सोयरीक: थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई या घरात दिलेली. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून बाबूजींनीही हालचाल केली होती. त्या राजकारणाची आठवण आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली. बाबूजींचं नाव टिकलं ते त्यांनी आश्रय दिलेल्या पुराणिकामुळं.

मोरोपंत पराडकर पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मले. श्रीधरस्वामी गेले तेही त्याच साली. तरुणपणी पंत बारामतीला आले आणि १७९४ च्या चैत्रात इथंच वारले. मधली सगळी वर्षं त्यांनी वाड्यात पुराण सांगितलं आणि घरी येऊन लिहिलं. अख्खं महाभारत त्यांनी आर्या वृत्तात बांधलं, सुमारे १७ हजार आर्यांत. रामायण लिहिलं ते १०८ वेळा, आणि प्रत्येक वेळी स्वतःला नवा नेम घालून. पंतांवर टीका करणारे या कसरतीला नावं ठेवतात. चिपळूणकरांना निबंधमालेत पंतांची बाजू मांडावी लागली होती ती अशाच टीकेमुळं.

त्या १०८ पैकी एक निरोष्ठ रामायण. ओठांना ओठ लागेल असं अक्षर त्यात येऊ द्यायचं नाही. म्हणजे 'म' नाही. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचं नावच घेता येत नाही. त्याचं चालणं, बोलणं, सोसणं एवढ्यावर तो ओळखू आला पाहिजे. मला हे कळलं तेव्हा आबांची आठवण झाली. बांधावर बसवून घेतलेल्या माणसांना ते कधी धर्म सांगत नसत, भगवंताचं नाव काढत नसत. पावलं मोजायचे, आणि कृष्ण त्या मोजण्यात असायचा.

पंतांचं लिखाण विद्वानांचं, संस्कृतानं जड. वाड्याच्या भिंतीबाहेर ते गेलं कीर्तनकारांमुळं. त्यातला एक मोठा माणूस सोलापूरचा राम जोशी. तमाशाच्या फडात लावणी गाजवलेला हा शाहीर पंतांच्या भेटीनंतर कीर्तनाकडं वळला आणि त्यानं पंतांच्या आर्या गावोगाव नेल्या, असं परंपरा सांगते. आमच्याकडच्या सप्ताहात मी लहानपणी आर्या ऐकल्या त्या याच वाटेनं आलेल्या. बुवा एक आर्या झपाट्यानं म्हणायचे, श्रोत्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, मग बुवा ती फोडून सांगायचे आणि मागच्या रांगेतून "वाऽ" यायचं. पंतांनी बायकांना म्हणायला सीतागीत, सावित्रीगीत अशी सोपी गाणीही रचली. महाभारताचा डोंगर उपसणाऱ्या पंडिताला माजघरात काय गायलं जातं याची फिकीर होती, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या शब्दचमत्कारांपेक्षा मोलाची वाटते.

*

माजघरात मात्र पंतांच्या आधीपासून आणि पंतांच्या पलीकडं एक रामायण चालू होतं. ते जात्यावर होतं.

आजी पहाटे उठून दळायला बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत असायचे. जात्याची घरघर आणि तिची ओवी यांत पहिल्यांदा जी सीता मला भेटली, ती राजाची राणी नव्हती. तिला सासुरवास होता. सासू कैकेयी, नवरा बोलत नाही, दीर रथात घालून रानात सोडून येतो, बाळंतपणाला आईच्या मायेचं कुणी नाही. आणि त्या सीतेनं आपला सासुरवास थोडा थोडा करून साऱ्या बायकांना वाटून दिला, म्हणून तो प्रत्येकीच्या वाट्याला आला, असं ओव्यांत येतं. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या बायकांचा आवाजही त्यांत आहे. तो संग्रह चाळताना मला वारंवार दिसतं, की ज्या रामापुढं पुरुष हात जोडून उभे राहिले त्याला बायकांनी हक्कानं जाब विचारला. देव मानून विचारला. टाकून दिला नाही आणि जाब विचारल्याशिवाय सोडलाही नाही.

देवळात आबांचं पांडवप्रताप आणि घरात आजीचं जातं, यांतलं कोणतं शहाणपण जास्त खरं, असं कुणी विचारलं तर मी जात्याच्या बाजूनं उभी राहीन. तिथं अर्थ सांगणारा कुणी नव्हता. जिच्यावर बेतलं तीच म्हणत होती.

आमच्याच घरातली एक गोष्ट आजी सांगायची. तिची धाकटी जाऊ लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली, पदरात मूल नाही. पुढं भावाभावांत वाटण्या करायची वेळ आली. पुरुषमंडळी सोप्यात बसली. गावातले दोन मोठे, तलाठ्याचा माणूस, मध्ये कागद. ठरत होतं ते असं, की धाकटीला पोटाला ज्वारी आणि वर्षाला दोन लुगडी द्यायची, जमिनीतलं काही नाही. कागदावर तिचा अंगठा घ्यायचा. ती चुलीजवळ बसलेली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

आजी तेव्हा तिशीच्या आतली. मोठ्या माणसांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती. ती माजघराच्या दाराआड उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आतूनच म्हणाली, "एक इचारू का? द्रौपदीनं सभेत पुसलं व्हतं, धर्मराजानं आधी काय हारलं, सवताला का मला? त्याचं उत्तर भीष्मानं काय दिलं?"

सोप्यात शांतता झाली. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. भीष्मांनी उत्तर दिलंच नव्हतं. धर्माची गती सूक्ष्म आहे, असं म्हणून ते गप्प राहिले. एवढं राज्य, एवढे गुरू, एवढे आजे, आणि एका बाईच्या सरळ प्रश्नाला उत्तर नाही. आबा तिथंच बसले होते. वर्षानुवर्षं या प्रसंगाचा अर्थ चार माणसांत सांगणारे आबा. तेही गप्प.

बोलला तो सगळ्यात धाकटा भाऊ. विशीतला पोरगा. म्हणाला, "वहिनीचं बराबर हाय. दादा गेला म्हणून दादाचा वाटा जात न्हाय." मोठ्यांनी त्याला दरडावलं, पण वाक्य बोलून झालं होतं. बराच वाद झाला, दोन दिवस जेवणं वेगळी झाली, आणि अखेर धाकटीच्या नावावर जिराईत जमिनीचा एक तुकडा झाला. पुढं नवा कायदा आला, तेव्हा तो तुकडा पक्का ठरला.

त्या धाकट्या आजोबांना घरात आयुष्यभर विकर्ण म्हणत. आधी चिडवायला, नंतर मायेनं. विकर्ण कौरवांतलाच, दुर्योधनाचा भाऊ, आणि भर सभेत द्रौपदीची बाजू घेणारा. कर्णानं त्याला पोरकट ठरवून खाली बसवलं. पुढं युद्धात तो भावांच्या बाजूनं लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्याला मारल्यावर भीमानं शोक केला. आजी हा शेवट आवर्जून सांगायची. न्यायाचं बोललेल्या माणसाला आपली माणसं सोडता येत नाहीत, आणि परक्यांनाही तो आपला वाटतो. त्याची ओढाताण कुणाला दिसत नाही, असं ती म्हणायची. आमच्या विकर्ण आजोबांचं तसंच झालं. घरातल्या प्रत्येक भांडणात दोन्हीकडून त्यांनाच बोलणी बसली.

*

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला नाही, पण तो आमच्या घरात अजून राहतो. कालव्याच्या टेलला पाणी पोचेना. नदी वाळवंट झाली. माणसं खडी फोडायला, नालाबांधाला गेली. मिलोची लाल भाकरी आणि पोरांना शाळेत सुकडी. गावच्या विहिरींनी तळ गाठले. ओढ्याकाठच्या आमच्या विहिरीला तेवढा झरा राहिला होता, तोही असा की एक पोहरा भरायला वाट बघत बसावं लागे. रात्रीपासून घागरींची रांग लागायची.

आबांना एक सावत्र भाऊ होता. दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. रांगेत त्या घरची घागर येत नव्हती. मानी माणसं, लांबून पाणी आणत होती. आबांनी एका पहाटे पहिला पोहरा काढला आणि माझ्या वडिलांच्या हाती देऊन सांगितलं, "पलीकडच्या घरी न्हे. रोजचा पयला त्यांचा." घरातल्या बायका कुरकुरल्या. आपलीच पोरं तहानलेली असताना हे काय? आबा म्हणाले, "नकुल."

एवढ्या एका शब्दात सगळ्यांना कळलं. तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडलेत, यक्ष धर्मराजाला म्हणतो एकाला उठवतो, कुणाला उठवू सांग. भीम आहे, अर्जुन आहे, पुढं युद्ध आहे. धर्मराज नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मी जिवंत आहे, माद्रीचाही एक जगू दे. सावत्र आईचा. यक्षाच्या साऱ्या कोड्यांत हे एकच कोडं अवघड आहे, कारण बाकीच्यांची उत्तरं बुद्धीनं देता येतात, याचं उत्तर देताना आपलं काहीतरी सोडावं लागतं. ते पोहऱ्याचं पाणी त्या उन्हाळ्यात पाऊस येईपर्यंत जात राहिलं. बोलणं लगेच सुरू झालं नाही. दिवाळीला त्या घरून ताट आलं.

आजीला मात्र यक्ष पटला नव्हता. तहानेनं जीव चाललेल्या पोरांना आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या म्हणणारा तो कसला देव? "पाणी आधी द्यावं, मग काय इचारायचं ते इचारावं," हे तिचं ठाम मत, आणि त्या दुष्काळात तिनं ते पाळलं. रांगेत कोणती घागर कुणाच्या घरची, हे तिनं विचारलं नाही आणि कुणाला विचारू दिलं नाही. आबा पोथीच्या आतून न्याय करत होते, आजी पोथीशी भांडून करत होती. दोघांच्याही घागरी त्याच विहिरीवर भरत होत्या.

*

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा मिळतात तिथं नीरा नरसिंहपूर. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी तिथं नृसिंहाचं मोठं देऊळ उभं केलं. प्रल्हादानं संगमावरच्या वाळूची मूर्ती करून पुजली, अशी तिथली कथा. आमची आत्या लहान असताना आजी तिला वैशाखात नृसिंहजयंतीला तिकडं नेत असे. बापाची आज्ञा पाळणाऱ्या रामाच्या गोष्टी घरोघर सांगतात, पण बापाचं ऐकलं नाही म्हणून देवाला खांबातून यावं लागलं, हीही गोष्ट त्याच पोथ्यांतली. आजीनं आत्याच्या मनात ती नीट रुजवून ठेवली. आत्या पुढं सातवीनंतर बारामतीला शिकायला गेली, हट्टानं.

आषाढात तुकोबारायांची पालखी आमच्या भागातून जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, इंदापूरनंतर सराटीला मुक्काम, तिथं नीरेत पादुकांना स्नान आणि मग पलीकडं अकलूज. आता हीच वाट रुंद झाली आहे. पालखी मार्गाच्या महामार्गात अनेकांची जमीन गेली आणि मोबदल्याचे आकडे ऐकून घराघरांत जुने सातबारे निघाले. मोबदला उचलायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. ज्या बहिणींना आजवर भाऊबीजेलाच बोलावलं जायचं त्यांना गाडी पाठवून आणलं जाऊ लागलं, हक्कसोडपत्रावर सही करायला.

आमच्या आत्यालाही आणलं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे तिला माहीत होतं. कचेरीबाहेर झाडाखाली वकिलानं कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, की ती प्रेमापोटी, स्वखुशीनं हक्क सोडत आहे. माझे वडील आणि काका शेजारी उभे होते. आत्यानं कागद परत वकिलाच्या हातात दिला आणि भावांना म्हणाली, "मला पाच गावं चालतील. पण शून्य गावं कुणी मागितली नव्हती."

माझे वडील हसले. आबांच्या पोराला एवढं पुरलं. काकांना वेळ लागला. ते त्या दिवशी बोलले नाहीत, गाडीतही पुढं बसले. चार महिने निरोप चालले. मध्यस्थीला म्हातारे झालेले विकर्ण आजोबा काठी टेकत दोन्ही घरांतून हिंडले. शेवटी आत्यानं मोबदल्यातला थोडा भाग घेतला आणि ओढ्याकाठच्या विहिरीलगतची वीस गुंठे जमीन आपल्या नावावर करून घेतली. अर्ध्यावरनं पाचावर ती का आली, हे मी तिला विचारलं नाही. विहिरीचं पाणी कसं वाटायचं ते ठरवायला मात्र तिनं सगळ्यांना बसवलं, सावत्र घरालाही बोलावलं, आणि शेजपाळीचा कागद स्वतःच्या हातानं लिहिला. त्यात पहिली पाळी पलीकडच्या घराची आहे. काकांच्या सुनेची सही त्यावर काकांच्या आधी आहे.